‘मुर्री’चे अठरा बाइट

मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘मुर्री’ लिहायला सहा कळा दाबाव्या लागतात. इंग्रजी अक्षरांनी सांगायचं तर सी, जी, जे, डी, जे, आर. सीच्या कळेवर म आहे, जीवर उकार, जेवर र, डीवर हलन्ताची खूण, पुन्हा जेवरचा र आणि शेवटी आरवर दीर्घ वेलांटी. या कळा दाबल्या की गोंदियाजवळच्या या गावाचं नाव क्षणात पडद्यावर दिसतं. त्या क्षणात संगणकात जे घडतं ते नीट पाहिलं, तर संगणक माहितीवर प्रक्रिया करतो म्हणजे काय करतो, हे जवळजवळ सगळं कळतं. म्हणून आपण या एका नावाचा पाठलाग करू.

सुरुवात कळफलकापासून. कळफलकाला ‘म’ माहीत नसतो. कळांच्या खाली तारांच्या आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते आणि एक छोटी चिप ती जाळी सतत तपासत राहते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी ओळ जोडली जाते, त्यावरून कोणती कळ दाबली ते चिपला समजतं. इथे एक अडचण आहे. धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकताना ते काही मिलिसेकंद थरथरतात. जोड लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. चिपनं प्रत्येक जोड मोजला असता तर एका दाबात ‘मममम’ उमटलं असतं. म्हणून ती थरथर थांबेपर्यंत वाट बघते आणि मगच एक आकडा पुढे पाठवते. यूएसबीच्या ठरलेल्या पद्धतीत सीच्या कळेचा आकडा ६ आहे. ‘मुर्री’साठी कळफलकाकडून निघतात ते फक्त सहा आकडे: ६, १०, १३, ७, १३, २१.

हे आकडे अक्षरांचे नाहीत, कळांच्या जागांचे आहेत. इंग्रजी निवडलं असेल तर ६ म्हणजे सी, मराठी निवडलं असेल तर म. हा अर्थ लावते संगणकाची मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइड, आणि तिच्याजवळ त्यासाठी एक साधा तक्ता असतो. तक्ता कुणा माणसांनी ठरवलेला असतो. माझ्या मते संगणक समजून घेताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: यंत्र करतं ती आकड्यांची अदलाबदल, आणि कोणत्या आकड्याला काय म्हणायचं हे माणसांनी आधी ठरवून ठेवलेलं असतं.

तक्त्यातून बाहेर पडतात ते नवे आकडे असे: २३५०, २३६९, २३५२, २३८१, २३५२, २३६८. हे यूनिकोडचे क्रमांक. म म्हणजे २३५०, उकार २३६९, र २३५२, हलन्त २३८१, दीर्घ वेलांटी २३६८. र दोनदा आला म्हणून २३५२ दोनदा. यूनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला एकेक क्रमांक देणारी यादी. तिच्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा सलग १२८ जागा राखलेल्या आहेत.

या १२८ जागांचा इतिहास आपल्या देशातला आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं तंत्र घडत होतं. ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅक ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे पहिले प्रमुख, आणि १९९१ साली तिथेच ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोनं ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली प्रमाण म्हणून जाहीर केली. इस्कीतली युक्ती मला फार सुंदर वाटते. आपल्या बहुतेक लिप्यांची वर्णमाला एकाच साच्याची आहे, म्हणून त्या सगळ्यांत ‘क’ला एकच जागा, ‘म’ला एकच जागा. १९९१ सालीच आलेल्या यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनं इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या मसुद्यावरून भारतीय लिप्यांची मांडणी घेतली. त्याची खूण आजही सापडते. देवनागरी ‘क’ २३२५, बंगाली ‘क’ २४५३, तेलुगू ‘क’ ३०९३. पहिल्या दोन्हींत फरक १२८चा आहे, पहिल्या आणि तिसऱ्यात ७६८चा, म्हणजे बरोबर सहा वेळा १२८.

आता २३५० हा आकडा यंत्रात ठेवायचा कसा? विजेच्या परिपथात दहा वेगवेगळ्या पातळ्या ओळखत बसण्यापेक्षा ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच पातळ्या ओळखणं सोपं जातं. विजेत थोडा चढउतार झाला तरी गोंधळ होत नाही. म्हणून सगळे आकडे १ आणि ० या दोन अंकांत लिहायचे. २३५० म्हणजे २०४८ + २५६ + ३२ + ८ + ४ + २. दोनच्या घातांच्या जागा भरल्या की मिळतं १००१००१०१११०. असे हे बारा अंक, म्हणजे बारा बिट.

पण मेमरी आणि फाइली आठ-आठ बिटांच्या गटांनी, म्हणजे बाइटनं मोजल्या जातात. बारा बिट एका बाइटमध्ये मावत नाहीत. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यावर यूटीएफ-८ नावाची पद्धत शोधली आणि आज बहुतेक संकेतस्थळं ती वापरतात. ती वहीवर करून पाहण्यासारखी आहे. बारा बिटांचे सहा-सहाचे दोन तुकडे करा: १००१०० आणि १०१११०. प्रत्येकाच्या पुढे १० लावा. मग सुरुवातीला १११००००० असा एक बाइट ठेवा. झालं, ‘म’ तयार:

१११००००० १०१००१०० १०१०१११०

पहिल्या बाइटच्या डोक्यावरचे तीन एक सांगतात की हे अक्षर तीन बाइटांचं आहे. पुढच्या दोन्हींच्या डोक्यावरचं १० सांगतं की हा मागच्याचाच उरलेला भाग आहे. त्यामुळे वाचणारा प्रोग्राम मजकुराच्या मध्येच येऊन पडला तरी अक्षर कुठे सुरू होतं ते त्याला लगेच कळतं. इंग्रजी अक्षरं मात्र एकाच बाइटमध्ये बसतात, कारण ती यादीत सर्वांत आधी आहेत. म्हणून हेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर पाच बाइट लागतात, आणि देवनागरीत सहा खुणा गुणिले तीन, म्हणजे अठरा.

हा फरक मोबाइलच्या एसएमएसमध्ये अनेकांनी अनुभवला आहे. एका एसएमएसमध्ये मजकुराला ११२० बिट मिळतात. इंग्रजी अक्षराला तिथे ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. मराठीत लिहिलं की संदेश प्रत्येक खुणेला १६ बिट देणाऱ्या पद्धतीकडे वळतो आणि ७० खुणांतच भरतो. त्या सत्तरात काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात.

‘मुर्री’चे १४४ बिट आता मेमरीत जाऊन बसतात. तिथे प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. त्यात विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. हे कपॅसिटर गळक्या घागरींसारखे असतात. भरून ठेवले तरी भार हळूहळू निघून जातो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येकाला एकदा वाचून पुन्हा भरावं लागतं. ८ जीबी मेमरीच्या फोनमध्ये असे ६,८०० कोटींहून जास्त कपॅसिटर असतात, आणि फोन चालू असेपर्यंत हे भरणं अखंड सुरू असतं. वीज गेली की जतन न केलेलं काम का जातं, त्याचं उत्तर इथे आहे.

संगणकांजवळ एवढी मेमरी पूर्वी नव्हती. मुंबईच्या टीआयएफआर संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला ‘टीफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला. भारतीयांनी स्वतः उभारलेला तो पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक, आणि त्याचं नाव पंडित नेहरूंनी १९६२ साली ठेवलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्याची मेमरी प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सगळी मिळून ८१,९२० बिटांची. तेवढ्यात आपल्या गावाचं नाव ५६८ वेळा बसलं असतं आणि मेमरी भरली असती. त्या यंत्रावर वैज्ञानिकांनी भौतिकशास्त्राची खरी गणितं सोडवली. आकार बदलला, वेग बदलला, पण पुढे सांगतो ती काम करण्याची पद्धत तीच राहिली.

समजा, महाराष्ट्रातल्या गावांच्या यादीत आपल्याला ‘मुर्री’ शोधायचं आहे. शोधायचं म्हणजे तुलना करायची. प्रोसेसरला गाव कळत नाही, दोन आकडे सारखे आहेत की नाहीत एवढंच कळतं. यादीत ‘मुरी’ असा शब्द समोर आला असं धरू. त्याचे क्रमांक २३५०, २३६९, २३५२, २३६८. पहिले तीन जुळतात. चौथ्या जागी आपल्याकडे हलन्ताचा २३८१ आहे, तिकडे वेलांटीचा २३६८. प्रोसेसर दोन्ही आकडे बिटांमध्ये समोरासमोर ठेवतो:

१००१०१००११०१
१००१०१००००००

आणि प्रत्येक जोडीला विचारतो, सारखे की वेगळे? सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. उत्तर येतं ००००००००११०१. एकही बिट १ आला तर शब्द वेगळे. हा प्रश्न विचारणाऱ्या छोट्या परिपथाला एक्सॉर गेट म्हणतात आणि तो काही ट्रान्झिस्टर जोडून बनतो. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा तर्काचं बीजगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ साली पुस्तकात मांडलं होतं. १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं की विजेच्या स्विचांनी हे बीजगणित प्रत्यक्षात चालवता येतं. बेरीज, वजाबाकी, तुलना ही सगळी कामं अशाच गेटांची आहेत.

तुलना कर, हे प्रोसेसरला सांगतं कोण? तोही आकडाच असतो. प्रत्येक सूचनेला एक क्रमांक असतो आणि सूचनाही त्याच मेमरीत, माहितीच्या शेजारी ठेवलेल्या असतात. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५च्या अहवालात ही रचना लिहून ठेवलेली आहे. प्रोसेसर पुढची सूचना आणतो, तिचा क्रमांक पाहून कोणता परिपथ चालू करायचा ते ठरवतो, काम करतो आणि पुढच्या सूचनेकडे जातो. तुलनेचं उत्तर ‘वेगळे’ आलं तर एक सूचना त्याला यादीतल्या पुढच्या नावाकडे नेते, ‘सारखे’ आलं तर दुसरीकडे. तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर म्हणजे ज्याचं घड्याळ सेकंदाला ३०० कोटी ठोके देतं. एवढ्या वेगात अगदी बारीक पावलं पडत असतात, म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत.

वेग असला तरी बुद्धी वापरावी लागते, आणि ती माणसाची. महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावं आहेत. पहिल्यापासून एकेक तपासत गेलं तर हजारो तुलना होतील. यादी आधी क्रमानं लावली असेल, तर मधलं नाव बघायचं, आपलं नाव त्याच्या आधी येतं की नंतर ते ठरवायचं आणि निम्मी यादी सोडून द्यायची. मग उरलेल्याचं मधलं. दोनचा सोळावा घात ६५,५३६ आहे, म्हणून जास्तीत जास्त सोळा टप्प्यांत गाव सापडतं किंवा यादीत नाही हे पक्कं कळतं.

इथे मराठीचा एक प्रश्न येतो. ‘क्रमानं’ म्हणजे कोणत्या क्रमानं? यूनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लावलं तर ल २३५४, ळ २३५५, व २३५७, ह २३६१. म्हणजे ‘ळ’ येऊन बसतो ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तर तो ह नंतर येतो, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. यूनिकोडमध्ये क्ष हे वेगळं अक्षरच नाही. क, हलन्त आणि ष मिळून तो बनतो, त्यामुळे नुसत्या आकड्यांनी लावलं तर तो क मध्ये जातो. मराठी शब्दकोशाचा क्रम हवा असेल तर त्याचे नियम वेगळे सांगावे लागतात. ते नियम तयार आहेत, पण ते वापरायचे की नाही हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. मराठी नावांची यादी चुकीच्या क्रमानं दिसली, तर तिथे मराठीचा विचार करायचा राहून गेला आहे असं समजावं.

तुलना फक्त अक्षरांचीच होते असंही नाही. गोंदिया हा धानाचा जिल्हा, आणि इथल्या राइस मिलमध्ये ‘सॉर्टेक्स’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. तांदळातले काळे, डागी दाणे आणि खडे वेगळे काढणारं हे यंत्र माहितीवरच प्रक्रिया करतं. उतरत्या घसरणीवरून सुटलेला दाणा सेकंदाला काही मीटर वेगानं खाली येत असताना दिव्यांच्या उजेडात कॅमेरा त्याला टिपतो. दाण्यावरून परतलेला उजेड विजेच्या दाबात बदलतो आणि त्या दाबाचा आकडा बनतो, उदाहरणार्थ ० ते २५५ मधला: काळ्याला लहान, पांढऱ्याला मोठा. मग तीच तुलना. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा आकडा लहान आला, तर दाणा नळीसमोर पोहोचेल त्या नेमक्या क्षणी हवेचा फवारा सुटतो आणि त्याला बाजूला उडवतो. ही मर्यादा ठरवतो मिलमधला माणूस. ती वर नेली तर चांगला तांदूळही उडून जातो, खाली आणली तर काळा दाणा पोत्यात जातो. दोन्हीकडचं नुकसान किती चालेल याचं उत्तर यंत्राजवळ नसतं.

परत आपल्या नावाकडे. मेमरीत सहा आकडे आहेत, पण पडद्यावर दिसायला हवं चित्र. हे काम फाँटमधले आकार आणि ते जुळवणारा प्रोग्राम मिळून करतात. र, हलन्त आणि पुढे व्यंजन असा क्रम दिसला की पहिल्या ‘र’चा रफार करायचा आणि तो अक्षराच्या शेवटी, वेलांटीच्याही पुढे डोक्यावर ठेवायचा, असा नियम त्यांना दिलेला असतो. म्हणून ‘मुर्री’मध्ये तिसऱ्या क्रमांकावर साठवलेला र शेवटी दिसतो. ‘गोंदिया’त उलटं घडतं: ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते ‘द’च्या नंतर आणि दिसते त्याच्या आधी. साठवण्याचा क्रम उच्चाराचा, दाखवण्याचा क्रम लेखनाचा. याची परीक्षा सोपी आहे. ‘मुर्री’ लिहून बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. बहुतेक ठिकाणी आधी वेलांटी जाईल आणि ‘मुर्र’ उरेल, मग ‘मुर्’, मग ‘मुर’, मग ‘मु’, मग ‘म’. डोळ्यांना दोन अक्षरं दिसत होती, संगणकाजवळ सहा होती.

आकार ठरले की ते ठिपक्यांत उतरतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, प्रत्येकाला लाल, हिरवा आणि निळा यांसाठी एकेक बाइट. म्हणजे एका चित्राला ६२ लाखांहून जास्त बाइट, आणि असं चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा नव्यानं दाखवायचं. अठरा बाइटांचं नाव दाखवायला एवढा खटाटोप होतो.

दिसण्यात आणि साठवण्यात असा फरक असल्यामुळे एक अडचण उभी राहते, आणि ती मराठीत विशेष जाणवते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आपण रफारावरून आणि आडव्या ‘र’वरून ओळखतो. हा आडवा र यूनिकोडमध्ये २३५३ या वेगळ्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात. पण साध्या ‘र’ला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, देऊनही तोच ‘ऱ’ बनतो, आणि र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाची एक अदृश्य खूण अशा तिसऱ्या वाटेनंही पडद्यावर तोच आकार येतो. डोळ्यांना तिन्ही सारखे. आकडे वेगळे, म्हणून संगणकाला तीन वेगळे शब्द. एका कार्यालयानं एका पद्धतीनं टंकलेलं नाव दुसऱ्यानं वेगळ्या पद्धतीनं शोधलं तर ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येऊ शकतं, आणि अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपल्या नावात काय चुकलं हे कळायला काही मार्ग नसतो. नुक्त्याचा फरक मिटवून दोन्ही रूपं एक करण्याचे नियम यूनिकोडनंच दिले आहेत. अदृश्य खुणांचं मात्र प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्वतः बघायला हवं. मराठी नावं हाताळणारी प्रत्येक यंत्रणा तुलना करण्याआधी ही साफसफाई करते की नाही, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे असं मी मानतो. तुमच्यापैकी कुणी पुढे अशी यंत्रणा लिहीत असेल, तर हे काम पहिल्याच दिवशी करावं.

शाळेच्या संगणक कक्षात हे सगळं तपासता येतं. नोटपॅड उघडून फक्त ‘मुर्री’ लिहा, शेवटी एंटर दाबू नका, फाइल यूटीएफ-८ पद्धतीनं जतन करा आणि तिच्या गुणधर्मांत आकार बघा. १८ बाइट यायला हवेत. २१ आले, तर सुरुवातीला पद्धतीची ओळख सांगणारे तीन बाइट जोडले गेले आहेत. १४ आले, तर फाइल प्रत्येक खुणेला दोन बाइट देणाऱ्या यूटीएफ-१६मध्ये जतन झाली आहे आणि दोन बाइट तिच्या ओळखीचे आहेत. २० आले, तर शेवटी एंटर दाबला गेला आहे. विंडोजमध्ये त्याचे दोन बाइट होतात. मग तिरोडा, आमगाव, सालेकसा, अर्जुनी या गावांच्या नावांचे बाइट आधी कागदावर काढा आणि नंतर फाइलशी ताडून पाहा. आमगावला १५ येतील, तिरोड्याला १८, सालेकशाला आणि अर्जुनीला २१.